युरोपातील शहरे आणि पर्यटकांचे आकडे : वाचकांचे प्रश्न

उन्हाळी सहलींच्या नोंदणीचा हंगाम आला की युरोपातील कोणत्या शहरात किती पर्यटक येतात, याविषयीची पत्रे हटकून येऊ लागतात. बहुतेक पत्रांत गोंधळ एकच असतो : निरनिराळ्या पद्धतीने मोजलेले दोन आकडे शेजारीशेजारी ठेवलेले असतात. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : युरोपात सर्वाधिक पर्यटक येणारे शहर कोणते? कृपया एकच नाव सांगावे. (वाचक, सांगली)

उत्तर : परदेशातून येऊन किमान एक रात्र राहणाऱ्यांपुरते बोलायचे तर लंडन, पॅरिस आणि इस्तंबूल ही नावे आलटूनपालटून वर दिसतात, एकच नाव छातीठोकपणे सांगणाऱ्याला, तुम्ही काय मोजले, असे आधी विचारावे.

प्रश्न : एका लेखात व्हिएन्नाचा २०१९ चा आकडा १ कोटी ७६ लाख, तर दुसऱ्या लेखात प्रागचा ८० लाख दिला आहे. आईवडील सत्तरीच्या पुढचे आहेत. निम्मी गर्दी असलेले प्राग निवडावे, असे आम्ही ठरवले आहे. योग्य आहे ना? (वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. हाच घोटाळा मी वर्षानुवर्षे पाहत आलो असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

व्हिएन्नाचा तो आकडा मुक्कामाच्या रात्रींचा आहे आणि प्रागचा आकडा पाहुण्यांच्या संख्येचा आहे. तुमच्या घरातील चार जण एखाद्या हॉटेलात तीन रात्री राहिले, तर तेथील नोंदीत पाहुणे चार आणि रात्री बारा अशी भर पडते. तेच चार जण मध्येच दोन दिवस साल्झबर्गला जाऊन पुन्हा व्हिएन्नात उतरले, तर ते नव्याने आलेले पाहुणे म्हणून दुसऱ्यांदा मोजले जातात, कारण हॉटेलची नोंदवही माणूस ओळखत नाही, ती फक्त आगमन लिहून घेते. म्हणजे ‘पाहुणे’ या रकान्यातही माणसे नसतात, आगमने असतात.

आता तेच वर्ष घेऊन दोन्ही शहरे एकाच मापाने मोजू. व्हिएन्नात २०१९ मध्ये सुमारे ७९ लाख पाहुणे उतरले, प्रागमध्ये सुमारे ८० लाख. रात्री मोजल्या तर व्हिएन्नाच्या १ कोटी ७६ लाखांसमोर प्रागच्या सुमारे १ कोटी ८५ लाख येतात. दोन्हीकडे सरासरी मुक्काम सव्वादोन रात्रींच्या आसपास आहे. ज्या शहरात गर्दी निम्मी असल्याचे तुम्ही गृहीत धरले, ते तसूभर पुढेच आहे. शिवाय त्या वर्षी व्हिएन्नाची लोकसंख्या एकोणीस लाखांच्या घरात आणि प्रागची सुमारे तेरा लाख होती, त्यामुळे दर रहिवाशामागे पाहुण्यांचा भार प्रागवरच अधिक पडतो. त्यातही प्रागचे बहुतेक पर्यटक जुन्या चौकातून निघून सुमारे पाचशे मीटर लांबीच्या चार्ल्स पुलावरून पलीकडच्या किल्ल्याकडे, एकाच वाटेने जातात. व्हिएन्नात शॉनब्रुन राजवाडा शहराच्या मध्यभागापासून दूर असल्याने पर्यटक अधिक पांगतात.

तरीही प्रागला जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. ज्येष्ठांसाठी वर्षाच्या एकूण आकड्यापेक्षा कोणता महिना, दिवसाची कोणती वेळ आणि किती चढण चालावी लागते, हे अधिक महत्त्वाचे असते. वर्षातील निरनिराळ्या काळांचे आकडे चेक सांख्यिकी कार्यालय आणि व्हिएन्नाचे पर्यटन मंडळ स्वतः प्रसिद्ध करतात, ते पाहावेत. आणि फरसबंदीच्या चढावरून चालणे आईवडिलांना झेपेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

प्रश्न : लंडन २ कोटी १७ लाख, बर्लिन १ कोटी ४० लाख, वर्ष दोन्हीकडे २०१९. इथे तर दोन्ही आकडे माणसांचेच आहेत. ही तुलना चालेल का? (वाचक, पुणे)

उत्तर : चालणार नाही. लंडनचा आकडा १९६१ पासून चालत आलेल्या प्रवासी सर्वेक्षणातून निघतो. त्यात विमानतळांवर, बंदरांवर आणि फ्रान्सला जोडणाऱ्या समुद्राखालच्या चॅनल बोगद्यापाशी निवडक प्रवाशांना प्रश्न विचारून परदेशी लोकांच्या भेटींचा अंदाज बांधला जातो. मँचेस्टरहून लंडनला आलेला माणूस त्यात नसतो. बर्लिनचा आकडा दहा किंवा अधिक खाटा असलेल्या निवासस्थानांच्या नोंदींतून येतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक पाहुणे जर्मनच असतात. तुमच्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत, म्हणून त्यातलेच उदाहरण देतो. लंडनला लेकीकडे महिनाभर राहिलेली आई सर्वेक्षणाच्या हिशेबात पर्यटक ठरते; बर्लिनला मुलाच्या घरी तितकेच दिवस राहिली, तर शहराच्या पर्यटक-आकड्यात ती कोठेच दिसत नाही. तुलना करायचीच असेल तर बर्लिनमधील फक्त परदेशी पाहुणे वेगळे काढावेत, आणि तरीही मोजणीची पद्धत निराळी असल्याची तळटीप द्यावी.

प्रश्न : पॅरिसचे आकडे दर ठिकाणी वेगळे का असतात? (वाचक, नाशिक)

उत्तर : कारण पॅरिसची हद्द दर ठिकाणी वेगळी धरलेली असते. मूळ पॅरिस शहर जेमतेम १०५ चौरस किलोमीटरचे आहे, तर इल-द-फ्रान्स हा भोवतालचा प्रदेश सुमारे १२,००० चौरस किलोमीटरचा आहे. लूव्र संग्रहालय शहरात आहे. व्हर्सायचा राजवाडा आणि डिस्नेलँड शहराबाहेर, पण त्या प्रदेशात आहेत. बृहद्लंडन सुमारे १,५७२ चौरस किलोमीटर असल्याने त्याची तुलना मूळ पॅरिसशी करणे लंडनला झुकते माप देणारे आहे, आणि सगळ्या इल-द-फ्रान्सशी करणे पॅरिसला.

या हद्दीचा फायदा सहल-व्यावसायिकही घेतात. माहितीपत्रकात ‘पॅरिस, तीन रात्री’ असे छापायचे आणि हॉटेल तासाभराच्या अंतरावरच्या उपनगरात द्यायचे, ही जुनी युक्ती आहे. पैसे भरण्यापूर्वी हॉटेलचा पूर्ण पत्ता लेखी मागावा. पोस्टाचा क्रमांक ७५ ने सुरू होत नसेल तर ते हॉटेल पॅरिस शहरात नाही. ‘पत्ता नंतर कळवू’ असे उत्तर आले तर दुसऱ्या जाणकाराचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : व्हेनिस पर्यटकांना बंद झाले आहे आणि बार्सिलोनात पर्यटकांवर पाणी मारतात, असा संदेश फिरतो आहे. आमची नोंदणी रद्द करावी का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : असे संदेश पुढे पाठवण्याआधी दोन मिनिटे शोधाशोध केली तर बरे होईल. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून ५ युरो प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. २०२५ मध्ये असे ५४ दिवस होते आणि उशिरा नोंदणी करणाऱ्यांना १० युरो पडत होते. हा उपाय मोजणीच्या दृष्टीनेही समजून घेण्यासारखा आहे. जुन्या व्हेनिसमध्ये पन्नास हजारांहून कमी लोक राहतात, आणि सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे पर्यटक हॉटेलच्या नोंदींत येतच नाहीत. तुमचा गट व्हेनिससमोरच्या मुख्य भूमीवरील मेस्त्रेमध्ये उतरणार असेल तर ते व्हेनिस नगरपालिकेतच मोडते; शुल्क लागत नाही, पण सवलतीची नोंद करावी लागते. गट जवळच्या पादुआ या वेगळ्या शहरात उतरणार असेल तर शुल्काच्या दिवशी पैसे भरावे लागतात, आणि तुमच्या रात्री मात्र पादुआच्या खात्यात जमा होतात.

बार्सिलोनात जुलै २०२४ च्या एका मोर्चात पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या गेल्या, हे खरे; शहर बंद झालेले नाही. पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर पुढे चालू न ठेवण्याचा मनोदय तेथील महापौरांनी जाहीर केला आहे, त्यामुळे सदनिका घेताना परवाना क्रमांक तपासावा. नोंदणी रद्द करण्याआधी नगरपालिकेच्या अधिकृत संकेतस्थळावर चालू वर्षाच्या तारखा पाहाव्यात आणि सहल-संयोजकाशी बोलावे.

प्रश्न : मे महिन्यात जायचे आहे. गर्दीचे आकडे पाहून शहरे एप्रिलमध्ये ठरवली तर चालेल का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : एप्रिलपर्यंत थांबणे म्हणजे पायावर धोंडा मारून घेणे आहे. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांत एकत्रित चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि तो ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम आहे त्या देशाकडे, मुक्काम सारखे असल्यास प्रथम प्रवेशाच्या देशाकडे करावा लागतो. शहरे बदलली की कदाचित अर्जाचा देशच बदलतो. शहरे आज ठरवा आणि व्हिसा केंद्रात वेळ मिळते का, याची चौकशी उद्या करा.

प्रश्न : लंडनच्या व्हिसावर पॅरिसला जाता येईल का? (वाचक, पणजी)

उत्तर : भारतीय पारपत्र असेल तर नाही; ब्रिटन शेंगेन देशांत नाही, पॅरिससाठी वेगळा शेंगेन व्हिसा लागतो.

प्रश्न : महाविद्यालयीन प्रकल्पात पाच शहरांची तुलना करायची आहे. २०२० चे आकडे सहज मिळाले. ते वापरू का? (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : वापरू नये, ते वर्ष करोनाच्या निर्बंधांचे होते आणि ते निर्बंध प्रत्येक देशात वेगवेगळ्या तारखांना लागू झाले. २०१९ आणि २०२३ ही वर्षे घ्यावीत, सर्व शहरांसाठी मुक्कामाच्या रात्री हे एकच माप ठेवावे, आणि लहान निवासस्थाने मोजणीत आहेत की नाहीत हे युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या व्याख्यांच्या पानावर वाचून मार्गदर्शकांना दाखवावे.