विजेच्या एक्स्टेन्शनचे कारण पुढे करून वॉरंटी नाकारता येते का?

प्रश्न : आम्ही बडोद्यात वाघोडिया रोडवरील एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मार्च २०२४ मध्ये १४ लाख ६० हजार रुपयांना इलेक्ट्रिक मोटार घेतली आणि आमच्या वाट्याच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून सॉकेट बसवून घेतले. जानेवारी २०२५ मध्ये कमिटीने आगीचा धोका असल्याचे सांगून ते काढून टाकले. तेव्हापासून आम्ही गॅलरीतून खाली एक्स्टेन्शन सोडून रात्री गाडी चार्ज करीत होतो. मे महिन्यात घरच्या विजेवर चार्जिंग होणे अचानक थांबले; रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर मात्र गाडी चार्ज होते. गाडी डीलरकडे दिली, तेव्हा ऑन-बोर्ड चार्जर (घरच्या विजेवरून बॅटरी भरणारा गाडीतला भाग) जळाल्याचे सांगून त्यांनी १ लाख १२ हजारांचे एस्टिमेट दिले आणि एक्स्टेन्शन वापरल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही असे तोंडी सांगितले. मला रोज पादऱ्याला शाळेत शिकवायला जावे लागते. पैसे भरून गाडी सोडवून घ्यावी की भांडावे?
– एक वाचक भगिनी, बडोदे

उत्तर : आपण पाठविलेल्या कागदांपैकी सर्वांत मोलाच्या कागदाचा आपल्या पत्रात उल्लेखही नाही. तो कागद म्हणजे सप्टेंबर २०२४ मधील सर्व्हिसिंगचे जॉब कार्ड. त्यातील ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात चार्जिंग मधेच बंद पडते अशा अर्थाची हाताने लिहिलेली नोंद आहे, तिच्याखाली सॉफ्टवेअर अपडेट केल्याचा शेरा आहे आणि शेजारी सर्व्हिस ॲडव्हायझरची सही आहे. त्या दिवशी आपले सॉकेट पार्किंगमध्ये जागेवर होते. एक्स्टेन्शन त्यानंतर चार महिन्यांनी आले. चार्जिंगमध्ये काहीतरी बिघडले आहे हे डीलरने स्वतःच्या कागदावर, स्वतःच्या माणसाच्या सहीने आधीच मान्य केलेले आहे, आणि आपल्या प्रकरणाचा पाया मी याच तारखांच्या क्रमावर उभा करीन. या कार्डाची मूळ प्रत आजच वेगळी काढून ठेवावी आणि ती कोणाच्याही हाती देऊ नये. मागितली तर झेरॉक्स द्यावी.

वॉरंटी हा करार असतो आणि त्यातले अपवाद करार लिहिणाऱ्यानेच लिहिलेले असतात. त्यामुळे अपवादावर बोट ठेवणाऱ्याने तो अपवाद या घटनेला कसा लागू होतो हे सिद्ध केले पाहिजे, हे तत्त्व विम्याच्या प्रकरणांत न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे आणि ते वॉरंटीलाही लागू व्हावे असे आपल्याला मांडता येईल. ग्राहकाने एक्स्टेन्शन वापरले एवढे म्हणून डीलरचे भागणार नाही. त्या एक्स्टेन्शनमुळेच चार्जर जळाला हा कार्यकारणसंबंध त्याला दाखवावा लागेल. बहुतेक गाड्यांसोबत येणाऱ्या पोर्टेबल केबलवर जी छोटी पेटी असते, तिचे कामच अर्थिंग नसल्यास किंवा वीज गळत असल्यास पुरवठा तोडण्याचे आहे. तेव्हा पुरवठा धोकादायक होता असे डीलरचे म्हणणे असेल, तर चार महिने ती पेटी गप्प का राहिली, हा प्रश्न त्याला लेखी विचारावा.

आता आपली कमकुवत बाजूही स्पष्टपणे सांगतो, कारण ती समोरचा वकील पहिल्याच तारखेला सांगणार आहे. गाडीच्या पुस्तिकेत एक्स्टेन्शन वापरू नये असे बहुधा छापलेले असेल. ते पान आधी स्वतः वाचावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांतही चार्जिंगच्या केबलला जोडून एक्स्टेन्शन लावू नये असे म्हटले आहे. विनियमांतला हा भाग चार्जिंग स्थानके डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे, घरगुती सॉकेट नव्हे, असा युक्तिवाद आपल्याला करता येईल. पण नियमामागची भीती खरी आहे. साडेतीन किलोवॅटच्या आसपासचा पोर्टेबल चार्जर रात्रभर १५ अँपिअरच्या जवळपास वीज ओढत राहतो आणि बाजारात मिळणारी बारीक तारेची एक्स्टेन्शन तेवढा भार आठ-दहा तास सलग सोसण्यासाठी बनवलेली नसते. म्हणून यापुढे ती पद्धत पूर्णपणे बंद करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ते एक्स्टेन्शन मात्र फेकून देऊ नये. त्याच्या प्लगच्या तिन्ही पिना आणि बोर्डाची भोके उजेडात नीट पाहावीत. भार सोसला नसेल तर सहसा आधी तिथेच खूण दिसते : पिनेच्या मुळाशी तपकिरी डाग, वितळून फुगलेले प्लॅस्टिक, जळका वास. असे काही नसेल तर आपले म्हणणे बळकट होते. असेल तर ते मला किंवा आपल्या वकिलांना आधी कळलेले बरे. दोन्ही बाजूंनी फोटो काढून वस्तू पिशवीत बंद करून ठेवावी आणि एखाद्या परवानाधारक वायरमनकडून घरच्या अर्थिंगची तपासणी करून त्याचा सहीशिक्क्याचा दाखला घ्यावा.

डीलरकडून लगेच तीन गोष्टी लेखी मागाव्यात आणि त्या ई-मेलनेच मागाव्यात. वॉरंटी नाकारल्याचे कारण लेखी द्यावे आणि ते कोणत्या कलमाखाली आहे तेही सांगावे. फोनवरच्या नकाराला ग्राहक आयोगात किंमत नसते. गाडीच्या संगणकात साठलेल्या दोषसंकेतांची आणि चार्जिंगच्या नोंदीची प्रत द्यावी, म्हणजे सप्टेंबर २०२४ पूर्वीपासून काय घडत होते ते दिसेल. ही नोंद कंपनीच्या हाती आहे, आपल्या नाही. ती मागूनही दिली नाही, तर ती त्यांच्याच विरुद्ध जाणारी आहे असे अनुमान काढण्याची विनंती आपल्याला करता येते. आणि आपल्या लेखी संमतीशिवाय चार्जर उघडू नये, बदलल्यास जुना भाग आपल्याला परत द्यावा. हा तिसरा मुद्दा बहुतेक ग्राहक विसरतात. जुना भाग कंपनीकडे गेला की काय जळाले आणि का जळाले हे तपासायला काहीच उरत नाही.

आपल्या मोबाइलमधील ॲपमध्ये रोजच्या चार्जिंगच्या नोंदी असतील, तर त्यांचे स्क्रीनशॉट तारखांसह काढावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोरपणे बांधलेला नसला, तरी प्रमाणपत्र जोडलेले असलेले बरे. घरातले मराठी व्हॉट्सॲप संदेश पुरावा म्हणून द्यायचे असतील, तर त्यांचे गुजराती किंवा इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे.

विम्याकडून फार आशा ठेवू नये. नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक आणि विद्युत बिघाड वगळलेला असतो; आपण वेगळे कव्हर घेतले असेल तरच दावा टिकेल. तसेच गाडीच्या बॅटरीला बहुधा ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते म्हणून निर्धास्त राहू नये, कारण ऑन-बोर्ड चार्जर सहसा बॅटरीच्या नव्हे, तर गाडीच्या सर्वसाधारण वॉरंटीत येतो आणि ती मुदत लहान असते. फास्ट चार्जरची वीज ऑन-बोर्ड चार्जरला वगळून थेट बॅटरीत जाते, त्यामुळे तिथे गाडी चार्ज होते ही आपली नोंद फार उपयोगाची आहे : बॅटरी शाबूत असून दोष त्या एका भागातच आहे असे त्यातून दिसते.

डीलर आणि उत्पादक कंपनी, दोघांनाही नोटीस द्यावी. एकालाच दिली तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. नोटिशीचा उपयोग झाला नाही, तर बडोद्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार करता येईल, कारण ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय कुठेही असो. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, आणि दिलेली रक्कम १० लाखांहून अधिक पण २० लाखांपर्यंत असेल तर शुल्क ४०० रुपये आहे. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. समोरच्या पक्षाला लेखी जबाब देण्यासाठी ३० दिवस आणि आयोगाने मुभा दिल्यास आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे एक दिवसही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवून दिले आहे. कलम ३८ प्रमाणे दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठविण्याची मागणी तक्रारीतच करावी. तपासणीचे शुल्क मात्र आपल्याला भरावे लागेल.

मागणी काय करावी याबाबत माझे मत ठाम आहे. नवी गाडी मागू नये. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे बंधन असते, संपूर्ण गाडी बदलून देण्याचे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका मोटारीच्या प्रकरणात म्हटले आहे, आणि मोठी मागणी पाहून आयोगाचे लक्ष आपल्या खऱ्या गाऱ्हाण्यावरून उडते. चार्जर विनामूल्य बदलून मिळावा, गाडी बंद असलेल्या काळात पादऱ्याला जाण्यासाठी झालेला खर्च पावत्यांसह मिळावा आणि तक्रारीचा खर्च मिळावा, एवढेच मागावे. वॉरंटीची कलमे अन्यायकारक करार आहेत असा मुद्दाही या तक्रारीत घालू नये, कारण तशा तक्रारी जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे जातात, आणि एका वाक्यामुळे अधिकारक्षेत्राचा वाद सुरू होतो.

सोसायटीचा वाद वेगळा आहे आणि तो वेगळाच लढवावा. तो डीलरच्या तक्रारीत मिसळू नये. कमिटीला लेखी पत्र देऊन सॉकेट काढण्याच्या ठरावाची प्रत मागावी. ठराव नसेल, आणि माझा अंदाज आहे की नसावा, तर पदाधिकाऱ्यांनी आपल्या मीटरवरचे सॉकेट आपल्याला न विचारता काढले, असा प्रकार झाला. त्याविरुद्ध गुजरात सहकारी संस्था अधिनियम, १९६१ च्या कलम ९६ खाली वाद दाखल करता येतो आणि तो सहकारी संस्थांचे वाद ऐकणाऱ्या बोर्ड ऑफ नॉमिनीजपुढे चालतो. पार्किंगमधील सॉकेट पुन्हा बसवू द्यावे अशी तात्पुरत्या आदेशाची मागणीही तिथे करता येते. पोलिसांत जाण्याचा सल्ला कोणी दिला असेल तर तो तूर्त बाजूला ठेवावा. ज्यांच्यासोबत एकाच जिन्याने वर्षानुवर्षे चढायचे-उतरायचे आहे, त्यांच्याशी दिवाणी वाद मिटू शकतो. फौजदारी तक्रार मात्र सहसा मिटत नाही.

कमिटीचे म्हणणे अगदीच पोकळ आहे असे मात्र मी म्हणणार नाही. पार्किंगची जागा आपल्या वापराची असली, तरी ती सामायिक जागेचाच भाग मानली जाते. पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हीच भूमिका घेतली, जरी ते प्रकरण महाराष्ट्राच्या कायद्याखालचे होते. त्यामुळे तार कुठून न्यावी, कोणत्या जाडीची असावी, यावर अट घालण्याचा सोसायटीला अधिकार आहे. सरसकट मनाई करण्याचा नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करण्यास मोकळीक दिली आहे. त्या सूचना आहेत, कायदा नव्हे, हे लक्षात ठेवावे. पण वीज ग्राहक हक्क नियम, २०२० मध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेली दुरुस्ती हा कायदा आहे, आणि तिच्याप्रमाणे ग्राहकाने मागितल्यास वीज कंपनीने गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी दिली पाहिजे. त्याच दुरुस्तीने नव्या जोडणीची मुदत महानगरांत ३ दिवसांवर आणि इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवसांवर आणली. मध्य गुजरात वीज कंपनीकडे असा अर्ज करावा, सोबत पार्किंगच्या वाटपाचे पत्र जोडावे आणि कमिटीला त्याची प्रत द्यावी. त्या प्रतीसोबत आपण होऊन हमी द्यावी : परवानाधारक वायरमनकडून काम, तांब्याची जाड तार बंद पाइपातून, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाल्यास वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळाल्यास पुरवठा तोडणारा स्विच), आणि सर्व खर्च आपला. आगीच्या भीतीला असे लेखी उत्तर मिळाले की कमिटीतले निम्मे सदस्य आपल्या बाजूला येतात, असा माझा अनुभव आहे. अर्ज अडवला गेला तर विद्युत अधिनियम, २००३ खालच्या ग्राहक गाऱ्हाणी निवारण मंचाकडे आणि पुढे विद्युत लोकपालांकडे जाता येते.

शाळेसाठी गाडी ताबडतोब हवी असेल तर पैसे भरून ती सोडवून घेण्यात गैर काही नाही. त्यामुळे तक्रारीचा हक्क जात नाही. फक्त पैसे भरण्याआधी डीलरला ई-मेल करावा की ही रक्कम हरकत नोंदवून भरीत आहे आणि वॉरंटीचा दावा सोडलेला नाही. बिलावर सही करताना त्याच आशयाचे एक वाक्य स्वतःच्या हाताने लिहावे. गाडी ताब्यात घेताना समाधानपत्र पुढे केले जाईल, त्यावर सही करू नये. आणि जळालेला चार्जर डिकीत ठेवून घेतल्याशिवाय तिथून निघू नये.