लेकराला घरीच शिकवू का?

दसरा सरला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. पहिल्या चाचणीचे मार्क हातात आलेले असतात, शाळेच्या गाडीचे पैसे भरून झालेले असतात आणि लेकरू सकाळी अंथरुणातून निघत नसतं. "मॅडम, शाळेतून काढून घरीच शिकवलं तर? कायद्यात बसतं का? पुढं दहावीचं काय?" २०२० च्या लॉकडाऊननंतर हा प्रश्न जास्त येऊ लागला. त्या वर्षी कितीतरी आयांनी आपलं मूल शिकताना पहिल्यांदा जवळून पाहिलं, आणि जे दिसलं ते त्या विसरल्या नाहीत.

मी लातूरला समुपदेशन करते. ज्या शहराच्या नावाने परीक्षेच्या तयारीचा आख्खा 'पॅटर्न' ओळखला जातो, तिथे "शाळेत घालू नका" हे वाक्य घरात नुसतं उच्चारलं तरी भांडण पेटतं. असंच भांडण घेऊन एक कुटुंब आलं होतं. मुलाला आपण ओंकार म्हणू. वय ८, इयत्ता तिसरी. आईवडिलांची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.

वडिलांचं गावातच कृषी सेवा केंद्र. आई डी.एड., टीईटी पास, पण भरती नाही म्हणून घरीच. ओंकार तालुक्याच्या गावी, १४ किलोमीटरवर, इंग्रजी शाळेत जायचा. आईने सोबत फाइल आणली होती. त्यात सकाळी १० ते ४ चं वेळापत्रक, विषयवार रकाने, रंगीत पेनाने आखलेलं. "मी सगळं ठरवलंय, मॅडम. फक्त ह्यांना समजावून सांगा."

वडील म्हणाले, "घरी बसून कुणी डॉक्टर झालंय का? आमच्या भावकीतली पोरं लातूरला ट्यूशनला पळायलीत अन् आपण लेकराला घरात बसवायचं?"

आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "लेकरू रोज सकाळी उलटी करायलंय. आधी ते बगा की."

आजींचं बरोबर होतं. मी घर-शाळेचा वाद बाजूला ठेवला आणि ओंकारचा दिवस विचारत गेले. पोटदुखी सोमवार ते शनिवार, रविवारी नाही. बालरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी केली, त्यात काही निघालं नाही. बद्धकोष्ठता होती, त्याचं औषध चालू होतं. डबा संपतो का, म्हणून विचारलं. आई म्हणाली, "डबा संपतो. पाण्याची बाटली तेवढी जशीच्या तशी भरून येते. सांगून सांगून थकले." ती हे तक्रारीसारखं बोलून पुढच्या विषयावर गेली. मी वहीत बाटलीखाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या भेटीत ओंकार एकटा माझ्यासमोर बसला. मी शाळेचं चित्र काढायला सांगितलं. गाडी काढली, गेट काढलं, वर्ग, फळा, झेंडा. "आणि मुतारी कुठंय?" असं विचारताच त्याने कागद उलटा केला. त्या दिवशी तो एवढंच बोलला. पुढच्या वेळी मात्र थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. वर्गात मराठीत बोलायची बंदी. लघवीला जायचं तरी इंग्रजीतच विचारायचं. एकदा वाक्य आठवलं नाही, त्याने मराठीत विचारलं. "से इट इन इंग्लिश," असं उत्तर आलं. मुलं हसली. वाक्य जुळवेपर्यंत चड्डी ओली झाली. ते जून महिन्यात झालं होतं. तेव्हापासून हे लेकरू शाळेत पाणीच पीत नव्हतं. पाणी नाही प्यायलं तर जावं लागणार नाही, जावं लागलं नाही तर विचारावं लागणार नाही. आठ वर्षांच्या मुलाने एकट्याने हा बंदोबस्त केला होता आणि चार महिने पाळला होता. मला हे ऐकून त्या दिवशी दुसरी केस घेता आली नाही.

"शाळा नको" असं मूल म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला शाळेतलं काहीतरी एकच नको असतं. मग ती एखादी तासिका असेल, गाडीतल्या मागच्या सीटवरचा एखादा मोठा मुलगा असेल, ओंकारसारखं एखादं न येणारं वाक्य असेल. ते सापडल्याशिवाय घर की शाळा हे ठरवायला बसू नका. नाहीतर नकोसं वाटलेलं ते मुलाच्या मनात तसंच राहतं आणि घरातल्या अभ्यासाच्या टेबलावरही त्याच्यासोबत येऊन बसतं.

वडिलांनी शाळेत जाऊन सांगितलं. "सगळीच मुलं ॲडजस्ट होतात," असं उत्तर घेऊन परत आले. मग मीच म्हटलं, ही शाळा सोडा. इथपर्यंत आईचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं होतं.

आता कायद्याचं, कारण ते सगळेच विचारतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला आणि मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं. घरी शिकवण्यासाठी त्यात वेगळी वाट आखलेली नाही, घरी शिकवणाऱ्या आईबापाला शिक्षाही लिहिलेली नाही. तीव्र आणि बहुविकलांगता असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय मात्र २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट दिला आहे. दहावीची भीती बाळगू नका. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, दहावीची परीक्षा वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की देता येते. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष टप्पेही आहेत. आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि बाहेरून दहावीला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म तर खेड्यापाड्यातही माहीत असतो.

म्हणजे वाट आहे. त्या वाटेवर हे लेकरू चालेल का, हे बघायचं होतं. आम्ही ठरवलं, संक्रांतीपर्यंत घरी. आईचं १० ते ४ चं वेळापत्रक मी अर्ध्याहून कमी केलं. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास सांगितलेत, म्हणजे दिवसाचे चार तास, तेही एका शिक्षकासमोर तीस मुलं धरून. एका मुलाला समोर बसवून शिकवायला दीड-दोन तास भरपूर झाले. ती म्हणाली, "मग बाकीच्या वेळात काय करायचं?" मी म्हटलं, ताई, त्याला दुकानात जाऊ द्या.

ते दिवस खरंच चांगले गेले. पंधरा दिवसांत उलट्या थांबल्या. ओंकार दुकानात युरियाची पोती मोजायचा. युरियाचं पोतं ४५ किलोचं आणि डीएपीचं ५० चं, हे कामून, असं त्याने वडिलांना विचारलं आणि वडिलांना ते समजावून सांगता सांगता नाकी नऊ आले. ४५ चा पाढा शाळेत सहसा पाठ करायला देत नाहीत, तो त्याला तोंडपाठ झाला. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या आणि हा लिहून घ्यायचा. आजींना अक्षर येत नाही. आपलं बोलणं कागदावर उतरतंय हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या, आणि ती वही त्यांनी देवघरात ठेवली. घरी शिकण्याचं जे बळ आहे ते हेच. शाळेला ते जमणं अवघड आहे, हे मी शाळेची बाजू घेणारी असूनही सांगते.

डिसेंबरात आई एकटी भेटायला आली. डोळ्यांखाली काळं झालेलं. "भाकरी थापता थापता पण मी त्याला स्पेलिंग विचारायलेय. रात्री ह्यांनी विचारलं, आज काय शिकवलंस, की मलाच परीक्षेला बसल्यासारखं होतं. गल्लीतल्या बाया म्हणतात, नापास झाला का?" शाळेत चार वाजता घंटा होते, घरात ती होत नाही. मास्तरांवर रुसलेलं मूल आईच्या कुशीत येतं. इथे मास्तरही आईच होती. रुसून जायचं कुठं?

मग येळवस आली, म्हणजे वेळ अमावास्या, आमच्याकडचा शेतात जाऊन जेवायचा सण. सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, आंबील, भज्जी, उंडे. गावातली पोरं दिवसभर बांधावरून उंडारत होती आणि ओंकार त्यांच्यात. अंधार पडल्यावर घरी येताना त्याने वडिलांना विचारलं, "उद्या पण येळवस हाय का?" वडिलांनी ते मला फोनवर सांगितलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

त्याच आठवड्यात आईला गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानांवर हजेरीपट आखलेला सापडला. तेरा नावं, सगळी गल्लीतल्या पोरांची. पुढे तारखा आणि रोजचं ह, ह, ग, ह. चौदाव्या नंबरावर त्याचं स्वतःचं नाव. पोरं शाळेतून आली की कोण गेलं होतं, कोण नाही, हे विचारून तो हजेरी भरत होता. स्वतःच्या नावापुढे त्याने रोज 'ग' लिहिला होता.

"मूल सोशल होईल ना?" असं पालक विचारतात तेव्हा मला ही वही आठवते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आईबापांनी निवडून न दिलेली मुलं लागतात. भांडणारी, कट्टी घेणारी, डब्यातलं मागणारी. आणि नात्यात नसलेलं एक तरी मोठं माणूस लागतं. पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात चार कुटुंबं मिळून हे जमवू शकतात. ओंकारच्या गावात घरी शिकणारा तो एकटाच होता. बाकीची सगळी पोरं तीनशे पावलांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होती.

त्या शाळेचं नाव काढल्यावर वडिलांचा चेहरा उतरला. ते स्वतः तिथेच शिकलेले. "आम्ही कष्ट करायलोत ते परत तिथंच घालायला का?" मी त्यांना खोटा धीर दिला नाही. चार वर्गांना दोन शिक्षक, त्यातले एक कधी सर्वेक्षणाच्या, कधी निवडणुकीच्या कामाला. इंग्रजी बेताचंच. पण तिथे पाणी मागायला मराठी चालत होतं आणि हजेरीतली ती तेरा नावं तिथे होती.

आधीच्या शाळेने फी बाकी आहे म्हणून दाखला अडवला. अनेक पालक इथेच हात टेकतात, म्हणून सांगते: सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि मूल वयानुसार असेल त्या वर्गात बसतं. वर्ष मध्यावर आलं म्हणूनही नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी नाव घेतलं. ओंकारने वर्ग बघायच्या आधी मुतारी बघितली. कडी तुटलेली होती. वडील दुकानात गेले, कडी आणि स्क्रू घेऊन आले आणि स्वतः बसवली.

त्या संध्याकाळी आई माझ्याशी फोनवर बोलताना रडली. "मग माझं काय, मॅडम?" इतक्या महिन्यांत त्या घरातलं सगळ्यात खरं वाक्य मला ते वाटलं. वर्षानुवर्षं शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरच्या याद्या बघणाऱ्या एका शिक्षिकेला तीन महिने एक विद्यार्थी मिळाला होता, आणि तोही गेला. यात तिचा काहीच दोष नव्हता, हे मी तिला दोन-तीनदा सांगितलं. ते तीन महिने नसते तर लेकराचं पोट बरं झालं नसतं, हेही सांगितलं. घरी शिकवायचा विचार करणाऱ्या प्रत्येक घराला मी आता आधी विचारते, शिकवणार कोण, आणि त्या माणसाचा स्वतःचा दिवस कुठे जाणार?

एक गोष्ट राहून जायला नको. बारा-तेरा वर्षांच्या मुलीबद्दल कुणी "घरीच शिकवू" म्हणालं तर मी खोदून खोदून विचारते. आपल्याकडे ऊसतोडीला कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, जातो तेव्हा मागे राहिलेली मुलगी स्वयंपाक करते, धाकट्यांना सांभाळते. पुस्तक फळीवर राहतं, आणि एक दिवस सोयरीक येते. अशा घरी मी हंगामी वसतिगृहाची चौकशी करून देते आणि नाव पटावर राहील हे बघते. ओंकारच्या आईच्या तोंडी आणि त्या मुलीच्या चुलत्याच्या तोंडी वाक्य एकच असतं.

ओंकार आता चौथीत आहे. आई संध्याकाळी ओट्यावर त्याच्यासकट सहा पोरांना इंग्रजी शिकवते. वडील अजून म्हणतात, पाचवीनंतर लातूर. तो वाद आमचा चालू आहे. परवा आईचा फोन आला तेव्हा मी बाटलीचं विचारलं.

"रिकामी येते की रोज. या सोमवारी बाटलीच हरवून आला."

"मग?"

"मग काय, दुसरी घेतली."