मेथोट्रेक्सेटचा वार कोणता?

प्रश्न: आईला (वय ६२) रुमॅटॉइड संधिवात आहे. मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम आणि फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, दोन्ही आठवड्यातून एकेकदा. दोन्ही गोळ्या पिवळ्या, बारीक. काल स्ट्रिप मोजली तेव्हा कळलं, या आठवड्यात तिने मेथोट्रेक्सेट लागोपाठ दोन दिवस घेतलंय. पुढचा डोस गाळला तर भागेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर: नाही. आजच संधिवाताच्या डॉक्टरांना फोन करा. ते सांगेपर्यंत मेथोट्रेक्सेटची एकही गोळी देऊ नका. रक्तातल्या पेशी, किडनी, लिव्हर तपासावं लागेल. तोंड आलं, घसा दुखतोय, ताप, जुलाब, अंगावर काळेनिळे डाग, धाप यातलं काहीही दिसलं तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्या. यावर उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड देतात, आणि ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं. घरातलं फॉलिक ॲसिड वाढवून ते काम होत नाही. मेथोट्रेक्सेट ज्या एन्झाइमला अडवतं, फॉलिक ॲसिडला कामाला लागायला तेच एन्झाइम लागतं; फोलिनिक ॲसिडला लागत नाही.

आईला दोष देऊ नका. ही चूक जगभर होते, तिच्यात माणसं दगावली आहेत. म्हणूनच २०१९ मध्ये युरोपीय औषध संस्थेने बाटलीऐवजी स्ट्रिप, वेष्टनावर ठळक इशारा आणि रुग्णाजवळ ठेवायचं कार्ड असे उपाय सुचवले. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. दुकानदार पाकिटावर १-०-१ लिहितो, त्यात सकाळ, दुपार, रात्र असते. वाराला जागाच नाही. १-०-० लिहिलं की आठवड्याची गोळी रोजची झालीच.

तेव्हा चिठ्ठीवर आणि पाकिटावर वार पूर्ण अक्षरांत लिहून घ्या: ‘फक्त मंगळवारी’. शेजारी गोळ्यांची संख्याही हवी, म्हणजे २.५ मिलिग्रॅमच्या असतील तर सहा. ताकद दर वेळी तीच मागा, एकदा २.५ आणि पुढच्या वेळी १० मिलिग्रॅमची गोळी घरात आली की हिशेब चुकतो. एका वेळी चार आठवड्यांपुरत्याच गोळ्या आणा. फॉलिक ॲसिड वेगळ्या डबीत, वेगळ्या वारी. लघवीच्या संसर्गावर कोणी कोट्रायमोक्साझोल लिहिलं तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे आधी सांगा. ही जोडी रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते.

आणि विचारण्याची पद्धत बदला. ‘गोळ्या नीट घेतेस ना?’ याला उत्तर ‘हो’च येतं. रुग्णांशी बोलणारा अनुभवी फार्मासिस्ट विचारतो, ‘मागची कोणत्या वारी घेतली? किती? त्या दाखवा.’ आई डबी उघडून चुकीच्या स्ट्रिपवर बोट ठेवते, तेव्हाच चूक डोळ्यांना दिसते.

प्रश्न: औषधाचा त्रास झाला हे सरकारला कळवायचं तर पुरावा लागतो का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: नाही, संशय पुरेसा आहे. औषधामुळेच त्रास झाला का, हे तपासणं तज्ज्ञांचं काम. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे देशाचा औषध-सुरक्षा कार्यक्रम आहे. त्याची विनाशुल्क हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. रुग्णांसाठी वेगळा फॉर्म आहे, आणि अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत नोंदणी केंद्रंही आहेत.

त्रास तुमच्याच शब्दांत लिहा. ‘ॲलर्जी’ एवढंच लिहिलं तर तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘दुसऱ्या गोळीनंतर तासाभरात ओठ सुजले, बंद केल्यावर दोन दिवसांत उतरले’ यात वेळ, क्रम आणि औषध थांबवल्याचा परिणाम तिन्ही आले. सोबत घेत असलेली सगळी औषधं लिहा, काढे-चूर्णंही. स्ट्रिप फेकू नका. बॅच नंबर तिच्यावरच असतो, आणि गोळ्या फोडताना बऱ्याचदा तोच कोपरा आधी कापला जातो.