आत्याबाई साडीच नेसणार, मग दिल्लीची थंडी कशी काढायची?

प्रश्न : ताई, जानेवारीत आम्ही परभणीहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्लीला जायलोत, स्लीपरचं तिकीट आहे, पाच दिवस राहणार. सोबत आत्याबाई (वय 67) आणि 6 वर्षांचा मुलगा. आत्याबाई ड्रेसचं नावही काढू देत नाहीत. घरचे म्हणतात दोन रजया घ्या, मी म्हणते उचलणार कोण? आणि परभणीत काय थंडी कमी पडते का?

उत्तर : कमी कशाला, आपल्याकडंही पारा पाच-सहावर येतोच की. पण इथं दहा वाजले की ऊन चटकतं आन् स्वेटर कमरेला बांधायची वेळ येते, तिकडं धुकं बसलं की दुपारी दोनलाही ऊन दिसत नाही, थंडी दिवसभर अंगावरच.

रजया घरीच ठेवा. हॉटेलात मिळतात, बुकिंग करतानाच एक जास्तीची सांगून ठेवा. गाडीचं मात्र वेगळं, स्लीपरला पांघरूण मिळत नाही आणि भोपाळच्या पुढं खिडकीच्या फटीतून जो गारठा येतो ना, त्याला माणशी एक सोलापुरी चादर आणि शाल पाहिजेच.

आता आत्याबाई. परकराच्या आत थर्मलची पँट, कुणाला दिसतही नाही. आमच्या आईनं आधी "हे काय बाई सोंग" म्हणून फेकून दिली होती, दुसऱ्या दिवशी पहाटे गुपचूप मागून घेतली! माप अंगासरशी घ्या, ढगळ घेतलं तर काही उपयोग नाही. वर लांब बाह्यांचा लोकरी ब्लाऊज, त्यावर समोर बटणाचं स्वेटर, डोक्यातून घालायचं नको कारण अंबाडा मोडतो न् मग चिडचिड, आणि सगळ्यावर शाल. चप्पल सोडणार नसतील तर अंगठ्याचे मोजे घ्या, दोन-तीन जोड तरी, कारण बंगला साहिब गुरुद्वाऱ्याला जाणारच तुम्ही, तिथं आपल्या नांदेडसारखंच पाय धुऊन आत जायचं असतं आणि जानेवारीतली ती फरशी म्हणजे बर्फच. पाय पुसायला छोटा टॉवेल, डोक्याला रुमाल पर्समध्येच राहू द्या.

धुक्यात धुतलेले कपडे वाळत नाहीत, म्हणून आतले कपडे मोजून जास्तीचे घ्या, वरचं जॅकेट माणशी एकच बास. पोराला कानटोप्या दोन घ्या, एक तो हरवणारच. जॅकेट नसेल तर तिथंच घ्या, सरोजिनी नगरला भाव करून बरं मिळतं, फक्त सोमवारी बाजार बंद असतो. खोबरेल नेऊ नका, बाटलीतच दगड होतं, व्हॅसलीन आणि तिळाचं तेल न्या.

अन् धुक्यात गाडी कुठंही अडकते, कधी कधी तासन् तास, त्यामुळे धपाटे पहिल्याच दिवशी संपवा, पण दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डबल घ्या.