पस्तिसावा दिवस

'नोकरी गेली हे घरी कधी सांगू? चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत थांबू का?' तेलाचे भाव पडले की आखातातून परतलेल्यांचा हा प्रश्न आम्हा समुपदेशकांकडे हमखास येतो.

हे प्रकरण २०१६ मधलं; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गोव्यातल्या डिचोलीकडचा चाळिशीचा गृहस्थ, अबुधाबीच्या समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर नऊ वर्षं. २८ दिवस रिगवर, २८ दिवस घरी. जून २०१४ मध्ये ११० डॉलरच्या वर असलेलं ब्रेंट कच्च्या तेलाचं पिंप जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली आलं. भाव पडला की कंपन्या आधी नव्या विहिरी खोदणं थांबवतात. चालू विहीर थोड्या माणसांत चालते, खोदकामाला मात्र पुष्कळ लागतात. म्हणून पहिली कुऱ्हाड ड्रिलिंगवाल्यांवर.

अशा नोकरीत लपवणं फार सोपं. महिनाभर घरी दिसणं गावाला नवं नसतं. पस्तिसाव्या दिवशी शेजारीण विचारते, "रजा वाढवली काय रे?" मग हा बॅग भरून 'ड्यूटीवर' निघाला आणि वास्कोला मित्राच्या खोलीवर २८ दिवस राहिला. घरी पाठवायचे पैसे क्रेडिट कार्डावरून. बायकोला कळलं ते थकबाकीच्या पत्रातून. ती एकटीच आली. "नोकरीचं सोडा मॅडम. मी रोज रात्री यांना 'जेवलात?' म्हणून विचारत होते, आणि हे वास्कोत!"

पुढच्या आठवड्यात तो आला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा वडिलांनी खनिज वाहायचा टिपर विकला होता आणि यानं म्हटलं होतं, "मी आहे ना." लाज त्या वाक्याची होती, पगाराची कमी. झोप तीन-चार तास. अशा वेळी मरणाचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात पेरला जात नाही. उत्तर 'हो' आलं तर बांबोळीची मनोविकार संस्था आहे, आणि आता १४४१६ हा टेली-मानस क्रमांकही.

याचं उत्तर 'नाही' होतं, म्हणून कागद-पेन घेतलं. ग्रॅच्युइटीचा त्याचा अंदाज दुप्पट होता, कारण त्यानं भत्त्यांसह पूर्ण पगार धरला होता. तिथला तेव्हाचा हिशेब मूळ पगारावर: पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवस, पुढे ३०. म्हणजे १०५ आणि १२०, एकूण २२५ दिवस. मूळ पगार ४,५०० दिरहॅम, दिवसाचे १५०, हाती ३३,७५०. तेव्हाच्या दरानं सुमारे सहा लाख. त्यातून आधी तिथल्या बँकेचं देणं. ते बुडवून आलेल्याला पुन्हा तिकडे उतरताना तेव्हा पोलीस केस आडवी येऊ शकत असे, आणि याला तर पुन्हा तिकडेच जायचं होतं. उरलेल्यातून सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा. रेंट-अ-कारच्या गाड्या घेण्याचा बेत बाजूला ठेवला. घाबरलेल्या माणसानं धंदा सुरू करू नये, हे आमचं ठाम मत.

एक गोष्ट बहुतेकांकडून सुटते. समुद्रातल्या रिगवर जायला लागणारं सुरक्षा-प्रशिक्षणाचं बोसिएट प्रमाणपत्र चार वर्षं चालतं. मुदतीआधी एका दिवसाची उजळणी पुरते; मुदत उलटली की तीन दिवसांचा अख्खा कोर्स, फीही जास्त. याचं डिसेंबरात संपत होतं. तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहायला लावली.

आणि घरी सांगणं. चवथीनंतर नव्हे, आधी. घर पाहुण्यांनी भरलं की कोण कुठून ऐकेल सांगता येत नाही. वाक्य लहान, तारखेसकट, तीनदा मोठ्यानं म्हणून घेतलं: "तेल पडलं, आमची रिग बंद करून ठेवली, मार्चपासून मी घरीच आहे. नोव्हेंबरपर्यंतचा खर्च बाजूला आहे." आधी वडिलांना, एकट्यात. चवथीला, म्हणजे गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला, बारा दिवस होते.

वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे यंदा माटोळी बांधायला तू असशील."