समुद्राला बहर येतो का?

‘अरबी समुद्राच्या उपग्रहचित्राखाली “प्लवंगांचा बहर” असं लिहिलं होतं. फूल नाही, फळ नाही, मग बहर कसला? आणि प्लवंग की प्लवक?’ असा प्रश्न आला आहे.

दुसरा भाग आधी. दोन्ही शब्द पाण्यात तरंगत वाहणाऱ्या, बहुतेक सूक्ष्म अशा जीवांसाठी वापरतात. ‘प्लु’ म्हणजे तरंगणं आणि उडी मारणंही. संस्कृतात प्लवंग म्हणजे उड्या मारत जाणारा, म्हणजे वानर किंवा बेडूक. त्यामुळे समुद्र आणि प्लवंग एकत्र आले की मला थेट सेतू बांधणारी वानरसेना दिसते! वर्तमानपत्रांत प्लवंग रुळलाय, खोडणार नाही; मी मात्र प्लवक लिहितो.

आता बहर. मूळ फारसी बहार म्हणजे वसंत, पण आपल्या बागाईतदारांनी त्याला स्वतःचा अर्थ दिला: मृग बहर, हस्त बहर, आंबिया बहर. डाळिंबाचं पाणी तोडून ताण देतात, पानं गळतात, मग पाणी सोडलं की झाड एकदम फुलतं. उत्तर अरबी समुद्रातही असंच काहीसं होतं. हिवाळ्यात ईशान्येचा कोरडा वारा वरचं पाणी गार करतो, ते जड होऊन खाली जातं, खालचं नायट्रेटयुक्त, म्हणजे खत असलेलं, पाणी वर मिसळतं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत प्लवक मातून उठतात. समुद्राला ताण पाण्याचा नसतो, खताचा असतो, एवढाच फरक. हंगामात येणारं, भरभरून येणारं, ओसरणारं असं सगळं ‘बहर’मध्ये आहे. ‘मोहोर’ म्हणावं तर तो आंब्याचा, आणि ‘फुलोरा’ म्हटलं की आमच्याकडे नवरात्रातल्या कडाकण्याच आठवतात.

चित्राबद्दल एक सावधगिरी. उपग्रहाला पेशी दिसत नाहीत, पाण्याचा रंग दिसतो. प्लवकांमधलं हरितद्रव्य निळा प्रकाश शोषतं, म्हणून निळ्या-हिरव्याच्या प्रमाणावरून त्याचा अंदाज बांधतात. १९९९च्या आपल्या ओशनसॅट-१ वरही यासाठीच उपकरण होतं. नकाशात मात्र जास्त हरितद्रव्य बहुधा लाल रंगवतात. तो लाल पट्टा पाहून ‘समुद्र लाल झाला’ अशी ओळ लिहू नये.

मासे मरत असतील तर बहर नको, उद्रेक म्हणा. आणि अरबी समुद्रातल्या हिरव्या नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाला वनस्पतिप्लवक (वनस्पतीसारखे स्वतःचं अन्न बनवणारे प्लवक) म्हणताना जरा थांबा: तो इतर प्लवक गिळतो, आणि त्याचा हिरवेपणा पोटात राहणाऱ्या शैवालपेशींचा असतो.