गिर्यारोहणातल्या अपघातांची पुस्तकं वाचून पोरगा घाबरून ट्रेकिंग सोडेल का?

नाही हो ताई, उलट वाचू द्या त्याला. आमच्या धुळ्याकडं लळिंग किल्ल्यावर नाहीतर पाटणादेवीच्या डोंगरात जाणारी पोरं रील बघून निघतात, पुस्तक कोणी वाचत नाही, आणि काळजी मला त्याचीच जास्त वाटते.

सुरुवात जॉन क्राकॉअरच्या 'इन्टू थिन एअर'ने करा. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर वादळात ८ जण गेले त्याची गोष्ट आहे, त्यात आपले आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे) ३ जवानही होते, ते तिबेटच्या बाजूने चढत होते. वादळ तर होतंच, पण दुपारी २ च्या आसपास जिथे असाल तिथून मागे फिरायचं हे ठरलेलं असून बरेच जण त्यानंतरही वर चढत राहिले, शिखर समोर दिसत असलं की मन ऐकत नाही ना.

मग मॉरिस हरझॉगचं 'अन्नपूर्णा'. १९५० साली नेपाळमधलं अन्नपूर्णा शिखर गाठून उतरताना त्याने बॅग उघडली आणि काढून ठेवलेले हातमोजे घरंगळत खाली गेले. बॅगेत जादा पायमोजे होते, ते हाताला घालावेत हे सुचलंच नाही! उंचीवर ऑक्सिजन कमी पडला की डोकं असं चालेनासं होतं. पुढे हिमदंशाने बोटं गेली त्याची.

पोरगा १४-१५ चा असेल तर ही बोटं कापायची पानं जड जातील, तेवढी तुम्ही सोबत बसून वाचा. आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये धोका बर्फाचा नाही, उन्हाचा आहे, तर पाणी किती न्यायचं आणि किती वाजता मागे फिरायचं हे त्यालाच निघायच्या आधी कागदावर लिहायला लावा.